बाळ गेलं तरी ती बाळंतीणच

माण तालुक्यातल्या आमच्या गावात मी आशा म्हणून काम करते. दवाखान्यात बाळंतपण झालं की ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी त्या घरी जायचं, बाळाचं वजन करायचं, ताप बघायचा, मिनिटाला श्वास किती ते मोजायचं, अंगावर नीट ओढतंय का ते पाहायचं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना हे शिकवून दाखवलं. २०११ पासून हे काम देशभरच्या आशांकडे आलं. माझ्या लेखी आमच्या कामातलं सगळ्यात मोलाचं काम हेच. पण बाळ दगावलं की तक्त्यातले बहुतेक रकाने तसेच राहतात आणि घरातलं बाळंतपणही त्याच दिवशी आटोपतं. खाटेखालची शेगडी उचलली जाते, डिंक आणि अळीव डब्यात परत जातात.

आमच्याच आळीतली ती सून. पहिलंच बाळंतपण. आठवा लागला आणि कळा सुरू झाल्या. मुलगा झाला, १,२०० ग्रॅमचा. जिल्ह्याच्या गावी त्याला काचेत ठेवलं होतं. छाती आत ओढत श्वास घ्यायचा. डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं की फुप्फुसं उघडी ठेवणारा जो पातळसर पदार्थ असतो, तो दिवस भरत येताना तयार होतो. या बाळाला तेवढा वेळ मिळालाच नाही. चौथ्या दिवशी ते गेलं. दात न आलेल्या लेकराला आपल्याकडे अग्नी देत नाहीत. चार पुरुष माणसं परस्पर जाऊन पुरून आली. आई वॉर्डात झोपलेली. तिला तोंड दाखवायचं नाही, जीव आणखी तुटेल, असं मोठ्यांनी ठरवलं होतं. त्यांची माया मला दिसत होती, तरी तो निर्णय मला आजही पटत नाही.

घरी आल्यावर बायका बसायला येत होत्या. ‘वय आहे अजून, दुसरं होईल.’ ‘अठमाशी जगत नाही गं.’ एकीनं ग्रहण पाळलं होतं का असं विचारलं, दुसरीनं पपईची चौकशी केली. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. मी तिच्या कानावर जाईल अशा बेतानं त्या बायकांना डॉक्टरांचं फुप्फुसाबद्दलचं बोलणं सांगितलं आणि म्हटलं, ‘हिच्या खाण्यानं नाही, वागण्यानं नाही, कशानंच झालेलं नाही.’ हे वाक्य पुढे मी पुष्कळदा बोलले. एकदा सांगून ते कुणाच्याच गळी उतरत नाही, आईच्या तर नाहीच.

दुपारी बायका पांगल्यावर ती म्हणाली, ‘ताई, पोलकं भिजतंय.’ दूध उतरलं होतं. बाळ गेलंय हे शरीराला कोण सांगणार? छाती दगडासारखी झाली होती, अंगात कसर होती. हलकं वाटेल इतकंच दूध काढायचं, पूर्ण पिळायचं नाही, म्हणजे ते हळूहळू आटतं. गार पाण्याच्या घड्या ठेवायच्या, अंगाला नीट बसेल असं आतलं घालायचं. ताप चढला किंवा छातीवर लाल चट्टा दिसला तर लगेच दवाखाना. हे सांगत होते तेव्हा तिनं मध्येच विचारलं, ‘काचेतल्या दुसऱ्या कुठल्या लेकराला चाललं असतं का हो?’ मुंबईत सायनच्या रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली दुधाची पेढी सुरू केली, ते मी तिला सांगितलं. आमच्या गावातून तिथवर दूध कसं पोचणार? पण आपलं दूध कुणाच्या तरी उपयोगाचं होतं, एवढं ऐकून ती पहिल्यांदा मोठ्यानं रडली. मी तिला गप्प केलं नाही.

तिसऱ्या की चौथ्या खेपेला गेले तर ती धुणं धूत होती. मी सासूला म्हटलं, ‘मावशी, ओली बाळंतीण आहे ती.’ तर मावशी फणकारल्या, ‘बाळच न्हाई तर कसली बाळंतीण?’ मी काही न बोलता उंबऱ्यावर बसले. जरा वेळानं त्याच आपणहून बोलल्या, ‘माझी दोन गेली. एक सटवी पुजायच्या आदल्या राती. तिसऱ्या दिवशी भांगलायला गेले मी. कुणी इचारलं बी न्हाई.’ इतक्या वर्षांत हे मी गावात कुणाकडून ऐकलं नव्हतं. कशी होती पोरं, म्हणून विचारलं. थोरली गोरी होती, हे त्यांना लख्ख आठवत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी डब्यातला डिंक काढून तुपात तळला, सुनेला खाटेवर निजवलं आणि तिच्या कमरेला शेक दिला. शेक देताना दोघी आपापल्या लेकरांबद्दल बोलत होत्या.

२०२२ साली केंद्र सरकारनं आपल्या महिला कर्मचाऱ्यांसाठी, बाळ जन्मताच किंवा जन्मानंतर लवकरच गेलं तर ६० दिवसांची खास रजा जाहीर केली. फार चांगलं झालं. पण दुसऱ्याच्या रानात रोजानं जाणाऱ्या बाईला रजा कोण देणार? ती सासूनं आणि नवऱ्यानंच द्यायची असते.

नवऱ्याचं दुःख निराळ्या वाटेनं चाललं होतं. तो दिवसभर जीप चालवायचा, रात्री उशिरा घरी यायचा. काचेतल्या बाळाचा एक फोटो त्याच्या मोबाइलमध्ये होता आणि थोरले भाऊ तो पुसून टाक म्हणत होते. मी म्हटलं, ‘भाऊ, राहू दे. तिला मागावासा वाटेल तेव्हा दाखव.’ बरेच दिवस गेल्यावर तिनं मागितला. नाक आजोबांचं, असं दोघांचं ठरलं. जन्म आणि मृत्यू, दोन्हींची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते. जन्माचा दाखला आता कशाला, असं तो म्हणत होता. दाखले हातात आल्यावर जन्माचा त्यानं घराच्या कागदपत्रांत नीट ठेवला.

अंगावर पाजत नसलेल्या बाईला महिन्याभरातच दिवस जाऊ शकतात, हेही दोघांना बसवून सांगावं लागलं. सुतकाच्या घरात पाळणा लांबवायचं बोलायला जीभ रेटत नाही. पण अंगात रक्त नसताना, मन सावरलेलं नसताना, केवळ लोक म्हणतात म्हणून दुसरं बाळंतपण तिच्यावर यायला नको होतं. निर्णय त्यांचा होता. त्यांनी थांबायचं ठरवलं.

आमच्या महिन्याच्या बैठकीत नवीन आशा मला विचारतात, अशा घरी जाऊन बोलायचं तरी काय. मी त्यांना सांगते, पिशवीतला थर्मामीटर काढायचा आणि म्हणायचं, तुझा ताप बघायला आलेय. मग लोहाच्या गोळ्या घेतेस का, अंगावरून किती जातंय, घास उतरतो का, झोप लागते का, हे विचारायचं. बाळाबद्दल तिनं काही काढलं तर पुरतं ऐकायचं, विषय बदलायचा नाही. आणि ४२ व्या दिवसापर्यंतची एकही तारीख चुकवायची नाही.