देवबागचा दांडा : वैशाखाच्या अखेरीस एका दिवसाची वाट

मालवण,
वैशाख शुद्ध दशमी

ती. ताई व दाजी यांस,


देवबाग हे मालवण तालुक्याचे दक्षिण टोक. मालवण शहरातून निघालेला रस्ता तारकर्लीवरून सुमारे बारा किलोमीटरवर देवबागला पोचतो आणि तिथेच संपतो, कारण पुढे जमीनच नाही. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदीची खाडी आणि मध्ये वाळूची लांब, अरुंद पट्टी. तिच्यावर माडांच्या बागा आहेत, घरे आहेत, एक अख्खे गाव नांदते आहे. तारकर्लीच्या पुळणीवर उतरून पाण्याच्या कडेने दक्षिणेकडे चालत गेले, की पाच-सहा किलोमीटरवर नदी-समुद्राचा संगम लागतो. सकाळी जाऊन संध्याकाळी परतावे, मधली दुपार सावलीत काढावी, अशी ही तुम्हा दोघांना पुरेशी वाट आहे. मात्र तिचे वेळापत्रक ठरवताना घड्याळाआधी पंचांग उघडावे लागते.

भूगोलाच्या पुस्तकात अशा पट्टीला वाळूचा दांडा म्हणतात. लाट किनाऱ्यावर सरळ क्वचितच येते. ती तिरकी चढते आणि वाळूचे कण तिरकेच वर नेते. परतताना मात्र पाणी उताराने सरळ खाली येते. त्यामुळे प्रत्येक लाटेसरशी कण किनाऱ्याच्या कडेने थोडा थोडा सरकतो. खाडीच्या मुखापाशी किनारा तुटला, की या सरकत्या वाळूचा आधार सुटतो. पाण्याचा जोर ओसरतो, वाळू तळाला बसते आणि किनाऱ्याच्या रेषेतच पुढे पाण्यात वाढू लागते. देवबागची वाढ दक्षिणेकडे झालेली आहे, हे नकाशावर नदीकडे पाहिले तरी कळते. सह्याद्रीतून उतरून कुडाळ तालुक्यातून आलेली कर्ली समुद्राच्या अगदी जवळ येते, तरी त्याला लगेच मिळत नाही. दांड्याच्या आडून ती काही किलोमीटर किनाऱ्याला समांतर वाहते आणि देवबागच्या टोकाशी, समोरच्या भोगव्याच्या बाजूने, समुद्रात शिरते.

दांडा किती वाढायचा हे समुद्र एकटा ठरवत नाही. लाटा मुख बुजवू पाहतात. नदीचा पूर आणि रोज दोनदा खाडीत शिरून बाहेर पडणारे भरतीचे पाणी ते उघडे ठेवते. या ओढाताणीत दांड्याचे टोक कधी पुढे सरकते, कधी मागे हटते, कधी वाकते. म्हणून संगमाजवळची पुळण दोन वर्षांनी पाहिली तर तीच राहिलेली नसते. खाडीतल्या वाळूच्या उंचवट्यांचेही तसेच आहे. त्यांपैकी एकाला ‘सुनामी आयलंड’ म्हणतात. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर ते वर आले, असे स्थानिक लोक सांगतात.

तुमच्यासारख्या धाराशिवच्या माणसाला इथल्या वाळूचा रंग आधी चकित करतो. धाराशिव जिल्हा काळ्या पाषाणावर वसलेला आहे, म्हणून त्याची माती काळी. मालवणच्या परिसरात तो काळा खडक संपत आलेला असतो. वर जांभा आणि खाली गारगोटीयुक्त, फार जुने खडक आहेत. ते झिजून निघालेली गारेची वाळू पांढरट असते आणि तिच्यात शिंपल्यांचा चुरा मिसळतो. पाण्याच्या वाटाही वेगळ्या. तेरणेचे पाणी मांजरेतून गोदावरीला आणि बोरी-सीनेचे पाणी भीमेतून कृष्णेला जाते, म्हणजे धाराशिवचा पाऊस शेवटी बंगालच्या उपसागराला मिळतो. अरबी समुद्र जवळ असूनही बालाघाटावरचा एक थेंब या किनाऱ्याला येत नाही. इथली वाळू सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरून येणाऱ्या आखूड, वेगवान नद्यांनी आणलेली आहे. कर्लीची लांबी शंभर किलोमीटरही भरत नाही.

उन्हाळ्याची अखेर हा दांडा पाहण्याचा योग्य काळ आहे. पावसाळ्यातल्या उंच, आखूड अंतराच्या लाटा किनारा खरवडतात आणि वाळू ओढून पाण्याखाली नेतात. तिथे तिचे आडवे उंचवटे तयार होतात. दिवाळीनंतर समुद्र निवळला, की मंद लाटा तीच वाळू हळूहळू वर आणून टाकतात. सहा-सात महिन्यांची ही भर मे महिन्यात पूर्ण झालेली असते, म्हणून पुळण वर्षातली सर्वात रुंद तेव्हाच दिसते. जूनमध्ये पुन्हा घट सुरू होते. शेतकरी घराला हा काळ सोयीचाही पडतो. मृगाआधी नांगरट-मोगडा उरकलेला असतो आणि सोयाबीनच्या पेरणीला पावसाची वाट पाहायची असते.

आता तिथीचा हिशेब. चंद्र रोज उशिरा उगवतो, म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे जाते. कोकणातला जुना ठोकताळा असा, की पंधरवड्यातली तिथी घ्यावी आणि तिची पाऊणपट करावी. जेवढे तास येतील त्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला आठाचे सहा, म्हणजे भरती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराचे सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. वेळ जागेगणिक थोडी पुढेमागे होते, म्हणून छापील भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ती ताडून घ्यावी. पौर्णिमा आणि अमावास्येच्या सुमारास सूर्य व चंद्र एका रेषेत येऊन पाणी ओढतात. तेव्हाच्या मोठ्या भरतीला उधाण म्हणतात आणि अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला भांग. उधाणात पाणी जेवढे वर चढते तेवढेच खालीही उतरते, त्यामुळे ओहोटीला चालायला जास्त किनारा मिळतो.

या हिशेबाने पौर्णिमेनंतरची तृतीया किंवा चतुर्थी उत्तम. तृतीयेची पाऊणपट सव्वादोन; म्हणजे पहाटेआधी सव्वादोनला भरती आणि साडेआठच्या सुमारास पूर्ण ओहोटी. सूर्योदय सहाच्या आसपास होतो. साडेसहाला तारकर्लीहून निघालेले जोडपे उतरत्या पाण्याबरोबर चालत साडेआठपर्यंत संगमाला पोचते. दुपारची भरती अडीच-पावणेतीनला येते आणि साडेचारनंतर पाणी पुन्हा उतरत असते. परतीची वाट तेव्हा धरावी. सूर्यास्त सातच्या आगेमागे आहे.

वाळूत चालण्याचेही तंत्र आहे. पुळणीचे चालण्यापुरते तीन पट्टे पडतात. सर्वात वरची कोरडी वाळू पायाखाली सरकते आणि पोटऱ्या थकवते. पाण्याने भिजून चपचपीत झालेला खालचा पट्टा पाय रुतवतो. मधल्या ओलसर पट्ट्यात कणांच्या फटींत थोडेच पाणी असते आणि ते कणांना एकमेकांशी घट्ट धरून ठेवते. ओहोटीच्या वेळी हाच पट्टा रुंद होतो आणि डांबरी रस्त्याइतका टणक लागतो. चपला हातात घेऊन तिथून चालावे. किनारा समुद्राकडे कललेला असल्याने जाताना उजवा पाय खाली पडतो आणि येताना डावा, म्हणून परतीला दुखणे एकाच गुडघ्यावर येत नाही.

वाटेत पाहण्यासारखे बरेच आहे. वरच्या कोरड्या वाळूवर मर्यादावेल पसरलेली असते. तिची पाने जाड, फुले जांभळट आणि मुळे वाळू बांधून ठेवणारी. तिच्या जोडीला रावणमिशांचे काटेरी गवत. या दोन वनस्पतींमुळे वाऱ्याने उडालेली वाळू अडते आणि तिचे लहान उंचवटे बनतात. त्यांच्यामागे सुरूची झाडे आणि मग माड. ओलसर पट्ट्यात ओहोटी लागली, की इवले खेकडे बिळातून बाहेर येतात, वाळूतले अन्न चाळून घेतात आणि उरलेल्या वाळूच्या गोळ्या बिळाभोवती मांडतात. पुढच्या भरतीला ती रांगोळी पुसली जाते. ऑलिव्ह रिडले कासवे या किनारपट्टीवर हिवाळ्यात अंडी घालतात. पिल्ले साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी निघतात, त्यामुळे मेच्या अखेरीस तो हंगाम सरलेला असतो.

सकाळच्या वेळी नशीब असेल तर रापण दिसते. होडीतून जाळे अर्धवर्तुळात समुद्रात सोडतात आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर आणतात. मग दोन्ही बाजूंनी माणसे दोर खेचत एकमेकांकडे सरकतात आणि जाळे वाळूवर येते. मासळीचे वाटे पडतात. जाळ्याचा, होडीचा आणि हात लावणाऱ्याचा वाटा वेगळा. यांत्रिक बोटींच्या काळात रापण कमी झाली असली, तरी गाबीत समाजाची ही सामुदायिक पद्धत या पट्ट्यात टिकून आहे. १ जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी लागते. त्याआधीच्या दिवसांत होड्या वर ओढून त्यांच्यावर झाप अंथरण्याची घाई सुरू असते.

संगम हे या वाटेचे टोक आणि तिचा सर्वात धोक्याचा भागही. ओहोटीला खाडीतले सगळे पाणी अरुंद मुखातून बाहेर धावते. वरून शांत दिसले तरी खालची ओढ माणसाला उचलून नेते. टोकाची वाळू नव्याने बसलेली असल्याने ती काठावर अचानक ढासळते. म्हणून कडेपासून दूर उभे राहावे, पाण्यात उतरू नये. समोर भोगवे दिसते, ते वेंगुर्ले तालुक्यात येते. खाडीतल्या उंचवट्यांवर जायला होड्या मिळतात, पण मेच्या शेवटच्या आठवड्यात बंदर खात्याच्या आदेशाने जलपर्यटन थांबते आणि पावसाळ्यात बंद राहते. त्यानंतर येणाऱ्याने संगम पायीच पाहावा.

दुपार देवबाग गावात काढावी. इथला पारा धाराशिवपेक्षा पाच-सात अंशांनी खाली असतो, पण हवा दमट असल्याने घाम वाळत नाही आणि शरीर निवत नाही. कोरड्या उन्हाची सवय असलेल्याला हे लक्षात यायला वेळ लागतो. तहान लागण्याआधीच पाणी प्यावे, जोडीला कोकम सरबत किंवा शहाळे. खाडीच्या बाजूचा रस्ता सावलीचा आहे. तिथे पाणी स्थिर, काठ चिखलाचा आणि कडेला कांदळवन दिसते. समुद्राची लाट आणि खाडीचा चिखल यांच्यात काही ठिकाणी जेमतेम काहीशे मीटरचे अंतर आहे. विहिरीचे गोडे पाणी हा या पट्टीवरचा खरा ठेवा. पावसाचे पाणी वाळूत मुरून खालच्या जड खाऱ्या पाण्यावर पातळ थराने तरंगते. उपसा वाढला तर खारे पाणी वर येते.

गावाची चिंताही चालताना दिसते. समुद्राच्या बाजूला जागोजागी दगडी धूपप्रतिबंधक बंधारे आहेत. उधाण आणि वादळी लाटा एकत्र आल्या, की पाणी माडांत शिरते. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेले, तेव्हा मालवण-देवबागला मोठा तडाखा बसला. बंधारा त्याच्या मागचे घर वाचवतो, पण त्यावर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू उकरते आणि शेजारच्या मोकळ्या किनाऱ्यावर धूप वाढू शकते. नदीतून येणारी वाळू कमी झाली तर दांड्याची भर कमी होते. म्हणूनच खाडीतला वाळूउपसा, मग तो हातपाटीने असो की यंत्राने, हा इथे कायम वादाचा विषय आहे. मेमध्ये दिसणारी रुंद पुळण ही गावाची शिल्लक आहे आणि पावसाळ्यात समुद्र तीच खर्ची घालतो. ती पुरली तर लाट घरापर्यंत येत नाही.

धाराशिवहून सोलापूर, मिरज, कोल्हापूर आणि मग फोंडाघाट उतरून कणकवली-कसालमार्गे मालवण, असे अंतर चारशे किलोमीटरहून अधिक होते. एक दिवस त्यातच जातो. मालवणला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी चालावे आणि तिसऱ्या दिवशी परतावे. मेच्या उत्तरार्धात अरबी समुद्रात वादळे उठतात, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी हवामान खात्याचा किनारपट्टीचा इशारा पाहावा. तो लागू असेल तर वाट पुढच्या तिथीवर ढकलावी. सोबत दोघांत चार लिटर पाणी, टोपी, सुती कपडे, कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुरते. परतीला चालवले नाही, तर देवबागहून मालवणला रिक्षा मिळते.



आपला,
धाकटा भाऊ