बांधलेलं झाड

भुसावळहून रावेरकडे जाणाऱ्या गाडीनं तापीचा पूल ओलांडला, की खिडकी सोडू नका. सावदा, निंभोरा, रावेर... डाव्या हाताला लांबवर सातपुडा आणि रुळांच्या दोन्ही अंगांना केळीच केळी! जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती हीच.

मे महिन्यात या बागा जरा नीट पाहा. घड लागलेली झाडं कुठे बांबूच्या टेकूवर, तर कुठे पट्ट्यांनी शेजारच्या झाडांना बांधलेली दिसतील. केळीचं खोड लाकडाचं नसतं, बरं का! एकावर एक गुंडाळलेले पानांचे देठच ते. मुळं फार खोल नाहीत, आणि वीस-पंचवीस किलोंचा घड एकाच बाजूला लोंबतो. उन्हाळ्याच्या अखेरीस वादळ सुटलं, की वर्षाची मेहनत तासाभरात आडवी! म्हणून घड झुकतो त्याच्या उलट दिशेला झाड बांधायचं. पट्टी सैल राहिली तर उपयोग नाही. करकचून आवळली तर मऊ खोडात रुतते.

समुद्र इथून कितीतरी दूर. पण शिडाची कॅटमरान चालवणाऱ्याला ही अडचण लगेच कळेल. कॅटमरान म्हणजे दोन सांगाड्यांची जोडहोडी. शब्द मूळचा तमिळ, ‘कट्टुमरम्’. कट्टु म्हणजे बांधणं, मरम् म्हणजे झाड किंवा लाकूड. तमिळ कोळी ओंडके बांधून तराफा करत, त्याचं हे नाव!

छोट्या कॅटमरानची डोलकाठी तीन तारांवर उभी असते. एक पुढे, दोन बाजूंना. बाजूची तार खाली एका भोकं पाडलेल्या पट्टीला खिळीनं अडकवतात. ताण वाढवायचा तर खीळ काढून तार खालच्या भोकात घ्यायची. दोघं असले तर सोपं, एकानं डोलकाठी धरायची. पण एकटा असला तर? खीळ काढली की डोलकाठी डोक्यावर! म्हणून आधी त्याच बाजूला डोलकाठीवरून एक जादा दोर खाली घेऊन होडीला ताणून बांधायचा. भार दोरावर आला, की तार सैल पडते. मग खीळ बदलायची, ती पक्की बसली का पाहायचं आणि शेवटी दोर सोडायचा.

कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये ‘म्हादेई’वरून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. गोव्यात बांधलेली ती ५६ फुटी होडी कॅटमरान नव्हती. पण भर समुद्रात तिच्या तारा तपासायला त्यांच्याशिवाय होतं कोण?

अंगणात करून बघा. एक काठी, तीन खुंट्या, तीन सुतळ्या. काठी रोवायची नाही, नुसती टेकवून सुतळ्यांवर उभी करायची. आता एक सुतळी सोडून पुन्हा घट्ट बांधा. काठी धरायला दादाला किंवा ताईला बोलवायचं नाही! चौथी सुतळी मात्र चालेल.