खंदकापासून कांदळवनापर्यंत

नाताळच्या सुट्टीत कोठे जावयाचे, हा प्रश्न आमच्या घरात दसऱ्यापासूनच गाजू लागला होता. सौभाग्यवतींना जुने वाडे आणि देवालये पाहावयाची होती. धाकट्या चिरंजीवांना होडी, जंगल आणि शक्य तर वाघ हवा होता. थोरल्या कन्येची अट एकच : जेथे जाऊ त्या गावाचा आपल्या इतिहासाशी काही संबंध असला पाहिजे. या तिन्ही मागण्या एकाच प्रवासात पुरविणारे गाव म्हणून मी कोलकात्याचे नाव सुचविले आणि ते एकमताने मंजूर झाले.

मुंबईहून हावड्यापर्यंतचा आगगाडीचा मार्ग सुमारे दोन हजार किलोमीटरांचा आहे. नागपूर मागे पडले तेव्हा कन्येने आठवण करून दिली, की अठराव्या शतकात याच नागपूरहून रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या होत्या. तिच्या दृष्टीने तो पराक्रमाचा धडा होता. त्या धड्याची दुसरी बाजू आम्हांला कोलकात्यात वाचावयास मिळणार होती.

हावडा स्थानकातून बाहेर पडताच समोर १९४३ साली खुला झालेला प्रचंड पूल दिसतो. नदीच्या पात्रात एकही खांब न रोवता हे पोलादी धूड उभे आहे, आणि त्याचे भाग नट-बोल्टांनी नव्हे, तर रिव्हेटांनी जोडलेले आहेत. आम्ही पुलावरून न जाता लाँचने हुगळी ओलांडली. पाठीवर ओझी घेतलेले हमाल, फुलांच्या राशी, घाटावर स्नान करणारी माणसे हे सारे पाण्यावरून पाहिले म्हणजे हे शहर नदीचे अपत्य आहे, हे सांगावे लागत नाही.

उत्तरेकडील बागबाजारात एका गल्लीला ‘मराठा डिच लेन’ असे नाव आहे. भोसल्यांच्या स्वारांच्या भीतीने १७४२ मध्ये कोलकात्याच्या रहिवाशांनी स्वतःच्या खर्चाने शहराभोवती खंदक खणण्यास आरंभ केला. सात मैलांपैकी सुमारे तीन मैल खणून झाले आणि काम थांबले, कारण मराठे शहरापर्यंत आलेच नाहीत. पुढे खंदक बुजला आणि त्याच्या मार्गावर वर्तुळाकार रस्ता झाला. परंतु खेड्यापाड्यांवर जे गुदरले ते बुजले नाही. ज्याला सरकारातून घोडा आणि हत्यार मिळे तो आपला ‘बारगीर’. बंगालीत त्याचा ‘बर्गी’ झाला, आणि लूट, जाळपोळ व खंडणी यांचे ते नाव बंगाली अंगाईगीतात जाऊन बसले. मुलाने निमूट झोपावे म्हणून आई अजूनही त्याला बर्गींची आठवण देते.

“म्हणजे या गोष्टीतले राक्षस आपणच?” चिरंजीवांनी विचारले. मजजवळ तयार उत्तर नव्हते.

थोडे उत्तर दुसऱ्या दिवशी सापडले. जोडासांको येथील ठाकुरांच्या वाड्यात रवीन्द्रनाथांचा १८६१ मध्ये जन्म झाला आणि तेथेच १९४१ मध्ये त्यांनी देह ठेवला. ते प्रशस्त चौक आणि हिरव्या झडपांचे सज्जे पाहताना सौभाग्यवतींचे पाय निघेनात. मी मुलांना सांगितले, की याच रवीन्द्रनाथांनी १९०४ मध्ये शिवाजीमहाराजांवर कविता लिहिली. आणि त्याच वर्षी सखाराम गणेश देउस्कर या मराठी गृहस्थाने परकीय राज्याने देश कसा नागविला ते सांगणारे ‘देशेर कथा’ हे पुस्तक बंगालीत लिहिले. इंग्रज सरकारने १९१० मध्ये ते जप्त केले. एकाच भाषेची माणसे एकदा लुटावयास आली आणि एकदा त्या भूमीचीच होऊन लिहिती झाली. गावी येणारा कोण आहे यापेक्षा तो काय घेण्यास आला आहे, यावर सारे अवलंबून असते. हे वाक्य मी मोठ्या समाधानाने उच्चारले. त्याची परीक्षा दोनच दिवसांत व्हावयाची होती.

शिबपूरच्या १७८७ मध्ये स्थापन झालेल्या वनस्पति-उद्यानात मुले वटवृक्षाखाली मनसोक्त धावली. त्याचे मूळ खोड बुरशी लागल्यामुळे १९२५ मध्ये काढून टाकावे लागले, तरी हजारो पारंब्यांवर तो अद्याप उभा आहे.

तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही सुंदरबनाकडे निघालो. शहर संपताच बासंती रस्त्याच्या दोहो बाजूंस विस्तीर्ण जलाशय लागतात. कोलकात्याचे सांडपाणी येथे उथळ तलावांत सोडतात. ऊन आणि शेवाळे यांच्या योगाने ते निवळते, त्यावर मासे पोसतात आणि तेच मासे पुन्हा शहराच्या ताटात येतात. सुमारे १२,५०० हेक्टरांच्या या पाणथळ प्रदेशास २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे स्थान म्हणून मान्यता मिळाली.

सुमारे शंभर किलोमीटरांवर गदखालीचा धक्का आहे. तेथे रस्ता संपतो आणि यांत्रिक नावेचा प्रवास सुरू होतो. सुंदरबन सुमारे दहा हजार चौरस किलोमीटरांवर पसरले असून त्याचा मोठा भाग बांगलादेशात आहे. आपल्याकडील भागात शंभरावर बेटे आहेत, त्यांपैकी निम्म्यांवर माणसे राहतात. कोकणातल्या वाचकांस येथील कांदळवन ओळखीचे वाटेल. परंतु आपल्या खाडीकाठी तिवरांची पट्टी असते, तर येथे क्षितिजापर्यंत तेच. ओहोटीला चिखलातून भाल्यांच्या टोकांसारखी श्वसनमुळे वर येतात, त्यांतून निवट्या उड्या मारतात, आणि सहा तासांनी भरती आली की ते सारे पाण्याखाली जाते. आम्हांला चितळांचा कळप दिसला, निळे-तांबडे खंड्या दिसले, आणि ओंडका समजून दुर्लक्षिलेली एक मगर पाण्यात सरकली तेव्हा सौभाग्यवतींनी माझा हात घट्ट धरला.

वाघ मात्र दिसला नाही. एका अरुंद खाडीच्या तोंडाशी ओल्या चिखलात पंजांचे ताजे ठसे होते. ते रानात शिरले होते. चिरंजीवांचा चेहरा पाहून मी नावाड्यास म्हटले, “थोडे आत घ्या. वर शंभर-दोनशे अधिक देतो.” परवान्यात त्या खाडीला मनाई होती, हे मला ठाऊक होते.

नावाडी पन्नाशीचा, अबोल गृहस्थ होता. मोडक्या हिंदीत तो शांतपणे म्हणाला, “दादा, माझे वडील मध काढावयास अशाच खाडीत गेले, ते परत आले नाहीत. मी वाघाला दोष देत नाही. पण गरजेवाचून मी आत जात नाही.” त्याने नाव वळविली.

सजनेखालीच्या धक्क्याजवळ बनबीबीचे लहानसे देवालय आहे. मध काढणारे, मासे धरणारे हिंदू आणि मुसलमान दोघेही रानात जाण्यापूर्वी तिला हात जोडतात. तिची कथा अशी, की धोना नावाच्या लोभी व्यापाऱ्याने मध-मेणाच्या मोबदल्यात दुखे नावाच्या गरीब मुलाला वाघरूपी दक्षिणरायाच्या स्वाधीन केले. मुलाने हाक मारताच बनबीबी धावून आली. तिने मुलाला वाचविले आणि नेम घालून दिला : रानात यावे ते रिकाम्या हाताने आणि निर्मळ मनाने, न्यावे ते गरजेपुरते. कथा ऐकताना माझी मान खाली गेली. जोडासांकोच्या चौकात मी जे वाक्य ऐटीत बोललो होतो, ते मलाच उद्देशून होते. तीनशे वर्षांपूर्वीचा बर्गी घोड्यावरून आला होता, मी नावेतून आलो होतो, एवढाच भेद.

त्या रात्री पाखिरालय गावी आम्ही बांधाशेजारी उतरलो. हा मातीचा बांध फुटला की खारे पाणी शेतात शिरते आणि कित्येक हंगाम पीक येत नाही. २००९ मधील ‘आयला’ आणि २०२० मधील ‘अम्फान’ या वादळांनी तेच केले. अम्फानने कोलकात्यातही असंख्य झाडे पाडली. समुद्राच्या वाऱ्याचा पहिला आघात हे कांदळवन सोसते आणि त्याच्या आडोशाला शहर उभे असते. कोलकात्याचा खरा तट त्या अर्ध्या खंदकात नव्हता, तो येथे आहे.

ज्यांना हा प्रवास करावयाचा असेल त्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा काळ निवडावा. ओळखपत्रे जवळ ठेवावीत, परवाना काढलेली नाव आणि वनखात्याने मान्यता दिलेला वाटाड्या घ्यावा. गरम कपडे आणि पिण्याचे पाणी न्यावे. प्लास्टिकचा कचरा परत आणावा. शहरासाठी दोन आणि सुंदरबनासाठी दोन असे चार दिवस पुरतात.

परतताना गदखालीच्या धक्क्यावर चिरंजीवांनी नावाड्याला वाकून नमस्कार केला. आम्ही कोणीही त्यास तसे सांगितले नव्हते. गाडीत बसल्यावर तो म्हणाला, “बाबा, वाघ नाही दिसला, पण वाघाचे घर पाहिले ना?” मी होकार दिला. त्या घरातून आम्ही काही उचलून आणले नव्हते, हे त्या प्रवासातील माझे मोठे समाधान आहे.