त्वेरहून आबांना

ती. आबांस,


जुन्नरचं नाव इथे व्होल्गाकाठी निघतं, हे तुम्हाला कधीचं कळवायचं होतं. निमित्त अफानासी निकितिन. हा त्वेरचा व्यापारी 1470च्या सुमारास चौलच्या बंदरात उतरला आणि घोडा घेऊन घाट चढून आपल्या जुन्नरात आला. पावसाळाभर तिथेच राहिला. चार महिने पाऊस आणि चिखल, शेतात नांगरणी-पेरणी, घोड्यांना हरभरा आणि खिचडी, सगळं त्याने टिपून ठेवलंय. गावच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला, धर्म बदल तरच परत देतो म्हणाला. एका खुरासानी माणसाने मध्यस्थी केली म्हणून तो सुटला. परतीच्या वाटेवर स्मोलेन्स्कजवळ निकितिन वारला. घर काही त्याला दिसलं नाही, पण वही पोचली.

नदीकाठी 1955 साली उभारलेला त्याचा पुतळा आहे. चौथऱ्याला नावेचा आकार दिलाय आणि नाळेवर घोड्याचं डोकं! ते पाहिलं की मला जुन्नरचा तो घोडाच आठवतो.

आबा, या गावाने फार गमावलंय. एकेकाळी त्वेर मॉस्कोच्या तोडीस तोड होतं. इथल्या राजा मिखाईलला 1318 मध्ये तातारांच्या छावणीत मारलं, 1485 मध्ये मॉस्कोने राज्यच गिळलं. 1763च्या आगीत गाव जळालं. मग कॅथरिन राणीने एका चौकातून तीन सरळ रस्ते फुटतील असं नवं गाव आखून घेतलं. मॉस्को-पीटर्सबर्गच्या प्रवासात मुक्कामाला बांधलेल्या राजवाड्यात आता चित्रं मांडली आहेत. शेजारचं जुनं कॅथीड्रल 1935 साली सुरुंगाने उडवलं, अलीकडे त्याच जागी पुन्हा उभारलंय. गावाचं नावसुद्धा 1931 ते 1990 कालिनिन होतं. 1941 मध्ये जर्मन दोन महिने ठाण मांडून बसले होते.

एवढ्यातून 1564चं पांढरं ट्रिनिटी चर्च वाचलं, त्माका नदीपलीकडे. निकितिन इथून निघाला तेव्हा तेही नव्हतं. त्याच्या डोळ्यांपुढचं त्वेर आज कुठेच दिसत नाही, आणि त्याने पाहिलेला आपला डोंगर मात्र जागच्या जागी आहे. म्हणून एक मागणं आहे: पावसाळ्यात शिवनेरीची चढण आणि खालची भातखाचरं यांचे फोटो दादाला काढायला सांगा. निकितिनने लिहिलंय की जुन्नर खडकावर आहे आणि वर जायच्या वाटेने एका वेळी एकच माणूस जाऊ शकतो. माझ्या इथल्या वर्गातल्या मुलींना ती वाट मला दाखवायची आहे.

आजीला नमस्कार.

तुमची,
मुक्ता