अक्षरओळख हीही आरोग्याचीच बाब

औषधाची चिठ्ठी वाचावयास दिली की आमच्या दवाखान्यात एक उत्तर वारंवार कानी पडते : "डाक्टर, चष्मा घरातच ऱ्हायला बघा." पुष्कळदा ते खरे असते. कधी कधी मात्र उणीव चष्म्याची नसून अक्षरओळखीची असते, आणि ती सांगण्याचा संकोच दुखण्याहूनही मोठा असतो.

करवीर तालुक्यातील साठीच्या एका मावशी आपल्या गोळ्या रंगावरून ओळखत : सकाळची पांढरी, रात्रीची पिवळी. एकदा रक्तदाबाची तीच गोळी दुसऱ्या कंपनीची मिळाली. ती गुलाबी होती. घरात जुनी पांढरी शिल्लक होतीच. गुलाबी हे नवे औषध समजून त्यांनी दोन्ही घेण्यास आरंभ केला. चौथ्या दिवशी मोरीत भोवळ येऊन त्या पडल्या व मनगट मोडले. त्यांच्या बुद्धीत काही न्यून नव्हते. चार म्हशींचा दूधहिशेब त्या तोंडी ठेवत. दोन पाकिटांवरील नाव एकच आहे, एवढे मात्र त्यांना कळू शकले नाही.

पाकिटांवरील मजकूर बहुधा इंग्रजीत असतो, हे खरे. तरीही अक्षरांच्या आकृती जुळवून पाहण्याची सवय झालेल्या माणसास दोन नावे सारखी आहेत की निराळी, हे समजते. आकडे ओळखणाऱ्यास ५ आणि ५० मिलिग्रॅममधील अंतर कळते, औषधाची मुदत पाहता येते. मराठीत लिहून दिलेले 'सकाळी', 'रात्री', 'जेवणानंतर' हे शब्द तर त्याच्याशी थेट बोलू लागतात.

आपल्या करवीर संस्थानात राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. तथापि २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यातील सात वर्षांवरील स्त्रियांपैकी सुमारे एक चतुर्थांश निरक्षर आढळल्या. धाकटी भावंडे सांभाळण्यात आणि उसाच्या फडात ज्यांचे बालपण सरले, अशा कितीतरी जणी आज आजी झाल्या आहेत. रक्तदाब, मधुमेह यांची रोजची औषधे अधिक करून याच वयात लागतात.

या वयात शिकता येते काय? ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे लहान गाव आहे. तेथे ८ मार्च २०१६ रोजी शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने व मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टच्या साहाय्याने 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. साठी ओलांडलेल्या आजी घरकाम उरकून, गुलाबी साडी नेसून, पाटी घेऊन तेथे येऊ लागल्या. केंद्र शासनाचा 'उल्लास' हा २०२२ ते २०२७ या काळातील साक्षरता कार्यक्रमही पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी असून तो विनामोबदला शिकवणाऱ्या स्वयंसेवकांवर उभा आहे. त्यात अक्षर व अंकज्ञानासोबत आरोग्यविषयक जाणीवही अंतर्भूत आहे. अखेरची चाचणी १५० गुणांची : वाचन, लेखन व संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५०. नोंदणीची चौकशी जवळच्या शाळेत करावी.

असा स्वयंसेवक आपणही होऊ शकता. वैद्य या नात्याने काही सूचना कराव्याशा वाटतात. आरंभी शिकणाऱ्याची जवळची नजर तपासून घ्यावी. चाळिशीचा चष्मा नसल्याने अक्षरे धूसर दिसतात आणि 'माझ्या डोक्यात शिरत नाही' असा गैरसमज होऊन प्रौढ माणूस पाटी ठेवून देतो. मधुमेह असल्यास नेत्रपटलाचीही तपासणी करावी. कामाने राठ झालेल्या बोटांना पेन्सिल परकी वाटते. आधी जाड खडू द्यावा व अक्षर मोठे काढू द्यावे. सुरुवात स्वतःच्या नावाने, गावाच्या नावाने, घरच्यांच्या मोबाइल क्रमांकाने आणि औषधांच्या वेळांनी करावी; बालवाडीचे पुस्तक पुढे ठेवल्यास मानी माणूस दुखावतो. रोज अर्धा तास पुरे, पण वेळ त्यांच्या सोयीची असावी. चुकल्यास हसू नये, विशेषतः नातवंडांसमक्ष.

मावशींचे मनगट प्लास्टरमध्ये असतानाच त्यांच्या नातीने त्यांना वाचन शिकवण्यास घेतले. लिहिणे हात बरा झाल्यावर सुरू झाले. काही महिन्यांनी त्यांनी दोन पाकिटे माझ्या टेबलावर ठेवून विचारले, "ह्यो 'अ' दोन्हीकडं हाय. औषध एकच न्हवं?" इंग्रजीतील ते पहिले अक्षर त्यांनी बरोबर ओळखले होते. केवळ पहिल्या अक्षरावर विसंबू नये, सारे नाव जुळवावे, हे मी त्यांना समजावून सांगितले. परंतु त्यांनी विचारले, हेच मला मोलाचे वाटले.

आपल्या घरी स्वयंपाकाला येणाऱ्या ताई, सोसायटीचे रखवालदार काका किंवा आपल्याच घरातील आजी यांच्यापैकी कुणाला वाचता येत नाही, याची हळुवार विचारपूस करावी. एका माणसासाठी अर्धा तास काढणे आपणांस खचितच जमण्यासारखे आहे.