पिकअपच्या सीटबेल्टचा बझर: तिरुवलंचुळीत घरी केलेला बदल

सीटबेल्टचा इशारा देणारी यंत्रणा साधी असते. बकलच्या आत एक छोटा स्विच असतो. पट्ट्याची धातूची जीभ बकलमध्ये अडकली की बहुतेक गाड्यांत त्याची जोडणी तुटते आणि जीभ बाहेर काढली की ती जुळते. चावी फिरवलेली असताना जोडणी जुळलेली राहिली तर डॅशबोर्डवरचा दिवा लागतो आणि बझर वाजतो. शेजारच्या सीटखाली बहुधा वजन ओळखणारा सेन्सर असतो. त्यामुळे त्या सीटवर केळीच्या पानांचा भारा ठेवला तरी गाडी त्याला माणूसच समजते.

भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालक आणि त्याच्या शेजारचा प्रवासी या दोघांसाठी हा इशारा सक्तीचा झाला. त्याआधीच्या अनेक पिकअपमध्ये पट्टा आहे, पण बझर नाही. प्रस्तुत लेखकाची पिकअप अशीच जुनी आहे. ती कुंभकोणमजवळ, पांढऱ्या विनायकासाठी प्रसिद्ध असलेल्या तिरुवलंचुळी गावात असते. तिच्या बहुतेक फेऱ्या जवळच्या, स्वामीमलै किंवा कुंभकोणमच्या बाजारापर्यंतच्या. अशा फेरीत ‘इथेच तर जायचंय’ म्हणून पट्टा खुंटीला लटकत राहतो. पट्टा न लावल्याचा दंड कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर १,००० रुपये आहे. सवय मात्र दंडाने बदलली नाही. म्हणून बझर घरीच बसवला.

कामाआधी सीटखाली पिवळे कनेक्टर आहेत का, हे पाहावे लागते. पिवळा रंग सहसा एअरबॅग किंवा स्फोटकाने पट्टा आवळणाऱ्या यंत्रणेचा असतो. तो दिसला तर घरी हात लावू नये. या गाडीत तसे काही नव्हते. बॅटरीची ऋण वायर काढून जुन्या बकलच्या जागी त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलचे, स्विच असलेले नवे मूळ बकल बसवले. त्याचा बोल्ट अपघाताचा सगळा ताण घेतो, म्हणून हार्डवेअरच्या दुकानातला पर्यायी बोल्ट चालत नाही. मल्टिमीटरने स्विच तपासला: जीभ बाहेर असताना जोडलेला, आत गेली की तुटलेला. मग चावी फिरवल्यावर वीज मिळणारी वायर, २ अँपिअरचा फ्यूज, बझर, बकलचा स्विच आणि शेवटी अर्थ, या क्रमाने जोडणी केली.

अडचण माल उतरवताना आली. गाडी उभी, चावी चालू, चालक खाली, आणि बझर थांबेना. अशा वेळी बकलमध्ये खोटी क्लिप खुपसण्याचा मोह होतो. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ते मागच्या सीटवर पट्ट्याविना बसले होते. त्यानंतर अशा क्लिपांवर चर्चा झाली. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांविरुद्ध आदेश दिले आणि क्लिपांच्या १३,११८ नोंदी संकेतस्थळांवरून काढल्या गेल्या. क्लिप आवाजाबरोबर त्यामागचे कारणही पुसून टाकते.

इथे आवाज बंद न करता त्याची वेळ बदलली. पहिल्या प्रयत्नात हँडब्रेकच्या दिव्याच्या वायरला रिले जोडला, म्हणजे ब्रेक ओढला की बझर गप्प. हा निर्णय चुकला. ब्रेक ऑइल कमी झाले की तोच दिवा लागतो. एकदा तसे झाले आणि चालत्या गाडीतही बझर मुका राहिला. मग रिले काढून मूळ वायर होती तशी केली आणि हँडब्रेकच्या दांड्याखाली वेगळा मायक्रोस्विच बसवून तो बझरच्या वायरमध्येच मालिकेत घातला. दांडा वर असताना तो जोडणी तोडतो आणि खाली गेला की जुळवतो. आता पट्टा नसताना हँडब्रेक सोडला की लगेच बझर वाजतो. माल उतरवताना तो शांत असतो.

या जोडणीत एक उणीव उरते. वायर तुटली किंवा फ्यूज गेला तरी बझर वाजत नाही आणि पट्टा लावलेला असला तरी वाजत नाही. दोन्ही शांतता कानाला सारख्याच. म्हणून आठवड्यातून एकदा मोकळ्या जागी पट्टा न लावता हँडब्रेक सोडून बझर तपासावा आणि मगच पट्टा लावून गाडी रस्त्यावर घ्यावी.