काळियाचे दोन प्रवेश

थोरांची चरित्रे वाचावीत, असा उपदेश आम्हाला बालपणापासून इतक्या जणांनी केला आहे की, लहान भूमिका करणाऱ्या माणसांनाही चरित्र असते ही साधी गोष्ट ध्यानात यायला आम्हाला साठी ओलांडावी लागली. ती ध्यानात आणून दिली एका नटाने. आणि नटही असा की, ज्याचे नाव श्रेयनामावलीत शोधायचे तर बोट बरेच खाली न्यावे लागे. विजू खोटे हे त्यांचे नाव. ते ऐकून एखाद्या वाचकाचा चेहरा कोरा राहिला, तरी 'काळिया' म्हणताच तो खचित हसेल. त्या एका हसण्यात या नटाच्या कारकिर्दीचे सारे यश आहे, आणि तिच्यावर झालेला थोडासा अन्यायही आहे.

विजू खोटे १९४१ साली जन्मले ते नटांच्याच घरात. वडील नंदू खोटे मूकपटांच्या काळापासूनचे नट. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'मधली तारामती, म्हणजे दुर्गाबाई खोटे, या घराण्याची सून. थोरली बहीण शुभा खोटे १९५५ साली 'सीमा'मधून पडद्यावर आली आणि लोकप्रिय झाली. ज्या घरात एवढे दिवे लागलेले असतात, तेथे धाकट्याने एकतर आणखी मोठा दिवा व्हावे, नाहीतर निमूटपणे दुसरा धंदा धरावा, अशी जगाची अपेक्षा असते. विजूंनी यांपैकी काहीच केले नाही. त्यांनी समई न होता पणती होण्याचे पत्करले, आणि हिंदी-मराठी मिळून तीनशेहून अधिक चित्रपटांत ती पणती तेवत ठेवली.

'शोले' १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला. तीन तासांहून लांब अशा त्या चित्रपटात काळियाच्या वाट्याला लक्षात राहतील असे प्रवेश दोनच. पहिल्यात तो घोड्यावरून रामगढला येतो, धान्यासाठी गावकऱ्यांना दरडावतो आणि हात हलवीत परत जातो. दुसऱ्यात तो गब्बरसमोर उभा असतो. गब्बर तीन गोळ्या हवेत उडवितो, उरलेल्या तीन तशाच ठेवून पिस्तुलाचे चक्र फिरवितो आणि एकेकाच्या मस्तकाला ते लावतो. शेवटची पाळी काळियाची. सरदाराचे मीठ खाल्ल्याची तो आठवण देतो, ती व्यर्थ जाते. चाप ओढला जातो, पण गोळी सुटत नाही. गब्बर हसतो, तिघे हसतात, सारी टोळी हसते. आणि त्या हास्याच्या भरातच तिघे मारले जातात.

हा चित्रपट आम्ही त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत लॅमिंग्टन रोडवरील 'मिनर्व्हा'त पाहिला. तिकिटे काढली होती दादांनी. दादा म्हणजे आमचे थोरले बंधू. वडील गेल्यावर त्यांनी मॅट्रिकनंतर शिक्षण सोडले, मुंबईत कापडाच्या एका पेढीवर गुमास्तेगिरी धरली, आणि दरमहा पाच तारखेच्या आत आमची मनीऑर्डर चुकू दिली नाही. चित्रपट सुटला तेव्हा जो तो गब्बरची नक्कल करीत जिना उतरत होता. महाविद्यालयीन विद्वत्तेच्या जोरावर आम्हीही त्या खलनायकाची मीमांसा करू लागलो. दादांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "ते सगळं खरं रे. पण तो काळिया इतका भ्याला नसता, तर आपण गब्बरला भ्यालो असतो का?"

आम्ही त्या वेळी हसलो. आज वाटते, नाट्यशास्त्रावर आम्ही आयुष्यभर जेवढी व्याख्याने दिली, त्यांहून त्या एका वाक्यात शास्त्र अधिक होते. पिस्तूल लाकडाचे असू शकते. भय मात्र खरे लागते, आणि ते समोरच्याच्या चेहऱ्यावर दिसावे लागते. अमजद खानांचा गब्बर भयंकर आहेच. पण त्याची भीषणता आपल्याला कळते ती काळियाच्या आवंढ्यावरून. थोराचे थोरपण लहानाच्या चेहऱ्यावर लिहिलेले असते, आणि वाचणारा मात्र ते थोराच्या नावावर मांडतो.

पुढे विजूंनी भीती बाजूला ठेवून हसविण्याचे काम केले. १९८८ च्या 'अशी ही बनवाबनवी'त ते होते. १९९४ च्या 'अंदाज अपना अपना'त ते रॉबर्ट झाले; तो चित्रपट तेव्हा फारसा चालला नाही, पण पुढच्या पिढीने त्याला डोक्यावर घेतले आणि रॉबर्टलाही. मालकाने हुकूम करावा आणि याने तो इमानाने बिघडवावा, अशीच ही भूमिका. पण बिघडविण्यातही वेळ अचूक साधावी लागते. क्षणभर उशीर झाला तर हशा मालकाला जातो, नाहीतर कोणालाच जात नाही.

असो. आम्ही २०१६ साली निवृत्त झालो, तेव्हा विद्यार्थ्यांनी सत्कार केला. शाल, श्रीफळ, मानपत्र, सारे यथासांग झाले. उत्तरादाखल केलेल्या भाषणात आम्ही गुरुजनांचे, सहकाऱ्यांचे, प्रकाशकांचे, फार काय ग्रंथपालांचेही आभार मानले. दादा शेवटच्या रांगेत बसले होते. त्यांचे नाव घ्यायचे राहून गेले. विसरलो असे म्हणणे सोपे आहे. परंतु खरे हे की, ते नाव त्या यादीत बसते असे आम्हाला सुचलेच नाही. परतताना रिक्षात दादा म्हणाले, "भाषण छान झालं. अगदी मागपर्यंत ऐकू येत होतं."

दादा २०१८ साली गेले. पुढल्या वर्षी, ३० सप्टेंबर रोजी, विजू खोटे मुंबईत वारले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रे उघडली, तर जिकडे तिकडे 'काळिया' गेल्याचेच वृत्त. चव्वेचाळीस वर्षांपूर्वीच्या दोन प्रवेशांवर माणसाची ओळख ठरावी, याचे आम्हाला प्रथम वाईट वाटले. आणि मग वाटले, निदान यांचे नाव कोणी तरी घेतले.

त्या सत्काराच्या भाषणाची छापील प्रत आमच्या कपाटात आहे. आभाराच्या परिच्छेदात सतरा नावे आहेत. परवा आम्ही समासात शाईने अठरावे लिहिले. ते मागपर्यंत ऐकू जाणार नाही, हे आम्हाला ठाऊक आहे.